रिकामा ताजवा आणि दोन भाषा

"या दोन भाषांतली मोठी कोणती, ते चार दिवसांत तूच ठरव! नाही ठरवलंस तर तुझा ताजवा जप्त आणि बाजारातली जागाही गेली!"

शेवरे बंदराचे हैबतराजे भर मासळीबाजारात कडाडले आणि धाकूबाईच्या हातातला बांगडा परत टोपलीत पडला. त्या जागेवर तिची आजी बसली, आई बसली, आता ती बसत होती. जागा गेली तर बसायचं कुठं, राजाच्या सिंहासनावर?

हे सगळं ओढवलं तिच्या हसण्यामुळे. महिन्यापूर्वी आर्मेनियाचा व्यापारी वर्तान आणि एस्टोनियाचा कप्तान मार्त राजाच्या पंगतीला शेजारी शेजारी बसले होते. वर्तान म्हणाला, आमची भाषा जुनी. मार्त म्हणाला, आमची गोड. भांडण जुंपलं, तेही बंदरावर उचललेल्या मोडक्यातोडक्या मराठीत, कारण एकाची भाषा दुसऱ्याला ओ की ठो कळत नव्हती! राजाला न्याय करायची भारी हौस. निवाडा होईपर्यंत कुणाचंही गलबत हलायचं नाही, असा हुकूम सुटला आणि नऊ शास्त्री कामाला लागले. नवांपैकी एकालाही दोन्ही भाषांतला एक शब्द येत नव्हता. त्यामुळे चर्चा फार जोरात चालली होती.

त्या दिवशी राजाची स्वारी बाजारातून चालली होती आणि गदाधरशास्त्री सोबत बोलत होते. "महाराज, एस्टोनियनच मोठी! तिला चौदा विभक्त्या, आर्मेनियनला सातच!"

"आणि आपल्या संस्कृतला?"

"अं... आठ, महाराज."

"म्हणजे संस्कृतही हरली?"

शास्त्रीबुवांना एकदम ठसका लागला. तेवढ्यात दुसरे शास्त्री पुढे झाले. "महाराज, मोठी आर्मेनियनच! तिची लिपी स्वतःची. अक्षरं पाहा, गळाच्या आकड्यांसारखी!" हे बोलताना ते वर्तानकडून आलेले जर्दाळू चघळत होते. गदाधरशास्त्र्यांच्या घरी मार्तच्या मधाची बरणी आधीच पोचली होती.

धाकूबाई खो खो हसली.

"काय झालं हसायला?" राजा गरजला.

"महाराज, मी मासळी तोलायच्या आधी रिकामा ताजवा उचलून गिऱ्हाइकाला दाखवते. दोनी पारडी सारखी हायत ना, बगा. मंगच माल! आणि ह्यांच्या एका पारड्यात जर्दाळू, दुसऱ्यात मध, आणि तोलायला बसलेत भाषा!"

सगळा बाजार हसला. राजाला मात्र राग आला आणि तो चार दिवसांचा हुकूम सुटला.

तीन दिवस धाकूबाईला घास गोड लागला नाही. हसायच्या जागी हसू आवरलं असतं तर काय बिघडलं असतं, असं म्हणून तिनं स्वतःलाच शिव्या घातल्या. चौथ्या दिवशी दुपारी मात्र ती ताजवा घेऊन ताठ मानेनं दरबारात उभी राहिली. राजा जांभया देत होता. बाळराजांना दात येत होते आणि आठवडाभर वाड्यात कुणाच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. ही बातमी तिला मुदपाकखान्यात मासळी पोचवताना कळली होती.

"रिकामा ताजवा गावला, महाराज! तुमच्याच पाळण्यात हाय."

"बाळराजे? शुद्धीवर आहेस का?"

"नऊ म्हयन्यांचं लेकरू. त्याला ना आर्मेनियन येत, ना एस्टोनियन. ना कुणाचे जर्दाळू खाल्ले, ना कुणाचा मध चाटला. याच्याहून सरळ ताजवा अख्ख्या बंदरात दाखवा! ह्या वर्तान-मार्त दोघांनी आपापल्या आईची अंगाई म्हणायची, कौल बाळराजे देतील. पन एक कबूल करा. कौल दिल्यावर न्यायाधीशाला कुणी सतवायचं नाय!"

"कबूल!"

पाळणा आला. बाळराजे टाहो फोडत होते आणि राणीसाहेब जागरणानं लाल झालेल्या डोळ्यांनी मागे उभ्या होत्या. दाढीवाला धिप्पाड वर्तान पाळण्याशी वाकला. बाजारात घशातून खरखरत निघणारे त्याचे शब्द आज मऊ झाले होते. बाळराजांचे डोळे मिटले.

"आर्मेनियन जिंकली!" जर्दाळूवाले शास्त्री ओरडले. बाळराजे दचकून उठले आणि दुप्पट रडू लागले. राणीसाहेबांनी नुसतं वळून पाहिलं. शास्त्रीबुवा खांबाआड गेले ते गेलेच.

मग मार्त गाऊ लागला. त्याचे स्वर लांबच लांब, शीड सावकाश सोडावं तसे. बाळराजांनी अंगठा तोंडात घातला आणि ते गाढ झोपले. वर्तान दाढीवरून हात फिरवत होता. "शब्द नाय कळला एक पण," तो मार्तला हळूच म्हणाला, "आणि माझा आई आठवला." मार्तनं त्याचा हात घट्ट धरला. त्याचेही डोळे भरले होते.

हैबतराजे मात्र हट्टाला पेटले होते. "पण दोघींत मोठी को..."

"शूऽऽ!" धाकूबाईनं ओठांवर बोट ठेवलं. "न्यायाधीशांनी दोनी भाषांना सारखाच कौल दिलाय, महाराज. पटत नसंल तर उठवून इचारा. पन उठवायचं तुमी, आणि मंग झोपवायचं बी तुमीच!"

राजानं पाळण्याकडे पाहिलं. मग राणीसाहेबांकडे पाहिलं. मग शेल्याचा बोळा तोंडात कोंबला आणि तो असा हसला, असा हसला, की पोट धरून खाली बसला, तरी आवाज म्हणून नाही! दोन्ही गलबतं सोडायचा हुकूम खुणेनंच झाला.

डोळे पुसत राजानं उजव्या हातातलं सोन्याचं कडं काढून धाकूबाईच्या ताजव्याच्या एका पारड्यात टाकलं. ते पारडं खाली गेलं. धाकूबाई हलली नाही. कललेला ताजवा तिनं तसाच राजाच्या नाकासमोर धरून ठेवला.

"आता काय?" राजा कुजबुजला.

"ताजवा सरळ नाय, महाराज."

राजानं शेला पुन्हा तोंडात कोंबला आणि डाव्या हातातलं कडंही काढलं.