भलत्याच कुणाची हाडं

"कुठं खणू, तेवढं सांगा, बाबा. बाकीचा उपदेश मला नको."

दौलतराव शेंडगे फौजदार होते तेव्हा त्यांच्या आवाजानं भलेभले सरळ व्हायचे. आता नोकरी संपली होती, आवाज तेवढा राहिला होता. समोर निरंजनगिरी गोसावी नदीकाठच्या मठीच्या ओट्यावर तांदुळजा निवडत बसले होते. त्यांनी मानही वर केली नाही.

"ऐकू येतंय ना?"

"येतंय की. पलीकडच्या गावालाही येत असेल."

दौलतरावांचं टाळकं सटकलं. एक तर ऊन मी म्हणतंय, त्यात हा म्हातारा!

त्यांचा थोरला मुलगा भास्कर घरून निघाला तो गेलाच. रक्तानं माखलेली मोटारसायकल तेवढी या पूर्णेच्या काठी सापडली. त्याला आता कैक वर्षं झाली. कुणी मारलं, का मारलं, काही उलगडलं नाही. पोलिसांनी फाइल बंद केली. आणि पोलीस तरी कोण? दौलतरावांनीच हाताला धरून काम शिकवलेली पोरं!

तेव्हापासून दर उन्हाळ्यात पाणी आटलं की ते मजूर लावून पात्र खणत. घरी बायको अजून दाराला कडी न लावता झोपायची. पोराची मूठभर हाडं मिळाली तर अग्नी देता येईल, त्या बाईला एकदाचं रडता तरी येईल. एवढंच त्यांना हवं होतं.

"लोक तुम्हाला अंतर्ज्ञानी म्हणतात," ते फणकारले. "अन् साधी एक जागा सांगता येत नाही?"

"आज काय सापडलं?"

"काही नाही."

"काहीच नाही?"

"नाही म्हणतोय ना! डोकं नका खाऊ."

तेवढ्यात खाली वाळूतून मजुराची हाक आली. "साहेब, या हाडांचं काय करायचं?"

बाबांचा हात थांबला. "कसली हाडं?"

"अहो, कुण्या बाईची आहेत! पायाच्या बोटात जोडवं आहे. भास्करचा काय संबंध?" दौलतराव वैतागून खाली ओरडले, "एकदा सांगितलेलं कळत नाही का रे? आपली नाहीत ती! लोटा परत वाळूत अन् पुढचा खड्डा घ्या!"

बाबा उठले. गुडघे धरत, कण्हत वाळूत उतरले. खांद्यावरची छाटी त्यांनी जमिनीवर पसरली आणि एकेक हाड उचलून तिच्यावर ठेवू लागले. जोडव्यावरची माती अंगठ्यानं पुसली.

दौलतराव तरातरा मागोमाग आले. "आता हा काय नवा उद्योग? माझा दिवस फुकट चाललाय, बाबा! ती कोण, कुठली, कुणाला ठाऊक!"

बाबांनी वाळूत बोटं घालून राहिलेलं एक बारीक हाड वेचलं.

"बोला की काहीतरी!"

बाबांनी छाटीची टोकं जुळवून गाठ मारली आणि गाठोडं दौलतरावांच्या हातांत दिलं.

दौलतरावांना ते धरवेना, खालीही ठेववेना.

"हिचं मी काय करू?" त्यांचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "मी माझ्या पोराला शोधतोय, बाबा..."

बाबा नदीच्या खालच्या अंगाला बघत राहिले.

"हिचा बापही कुठंतरी खणत असेल, फौजदार. त्याला तुझा भास्कर सापडला, तर त्यानं काय करावं?"