अडलेली संध्याकाळ

एका राज्यात नऊ दिवस संध्याकाळ सरेना. सूर्य डोंगराच्या माथ्यावर येऊन अडला तो हलेना. भुई घटकाभर थरथरे, निवांत पडे, पुन्हा थरथरे.

राजा वज्रबाहूने मांत्रिक कंकाळाला विचारले, "हे काय आहे?"

"महाराज, ब्रह्मांड मरते आहे. त्याला शंभर माणसांचा बळी हवा."

महालात एक बोलणारा भारद्वाज पक्षी होता. तो म्हणाला, "राजा, बळी नंतर दे. आधी सुईणीला बोलाव."

सुईण येसाई आली. राज्यात बारा वर्षे पाळणा हलला नव्हता. ती वाती वळून पोट भरत होती. तिने वहाणा काढल्या, भुईवर तळहात टेकले, कान लावला. दोन थरथराट जाऊ दिले.

"महाराज, ही मरत नाही. ही बाळंत होते आहे."

"कोण?"

"आभाळ, भुई, तारे मिळून एकच जीव आहे. आपण तिच्या अंगावरची लव. बाई अडली की घरातली कुलपे उघडतात, गाठी सोडतात. हिची वाट तुमच्या महालात अडली आहे."

पहिले कुलूप खजिन्याचे. ते उघडताना जो पाहील तो आंधळा होईल, असा शाप होता. येसाईने पदर डोळ्यांवर ओढला आणि चाचपत किल्ली फिरवली. शापाला नजर सापडली नाही. तो विरून गेला. सूर्य बोटभर खाली सरकला.

मग गाठ कंकाळाच्या शेंडीची. भारद्वाजाने झेप घेऊन ती चोचीने ओढली. सगळे मंत्र चिलटांसारखे उडून गेले. कंकाळ मटकन खाली बसला आणि त्याने ताक मागितले.

शेवटची गाठ राजाच्या मनगटावर होती. बारा वर्षांपूर्वी कंकाळाने ब्रह्मांडाचा एक श्वास त्या काळ्या दोऱ्यात बांधला होता. तेव्हापासून राजाचे वय थांबले होते.

"हा सोडला तर मी मरेन?"

"आज नाही. पण एक दिवस नक्की."

राजाने मनगटाकडे पाहिले. भुई पुन्हा थरथरली. या वेळी फार क्षीण.

"हिच्यात किती बळ उरले आहे?"

"दोन कळांचे, महाराज."

राजाने नखांनी गाठ ओढली. सुटेना. मग त्याने ती दातांनी तोडली.

आभाळ मोठ्याने हुंकारले. सूर्य मावळला आणि त्याच जागी एक ओलसर, इवलासा तारा घरंगळत बाहेर आला. रडण्याचा आवाज साऱ्या राज्याने ऐकला.

येसाईने डोळे पुसले. "मुलगी झाली!"

राजाच्या कानांवरचे केस पांढरे झाले होते. त्याने हात जोडून विचारले, "बाई, आता मी काय करू?"

"पाणी तापवायची मोठी भांडी करवून ठेवा. नऊ महिन्यांनी मला उसंत मिळायची नाही."

तसेच झाले. पुढल्या वर्षी राज्यात चारशे पाळणे हलले. वज्रबाहू म्हातारा झाला, पोराबाळांच्या गराड्यात आपल्या वेळेला गेला, आणि त्याची थोरली लेक गादीवर बसली.