आल्टोचा विराम

"...मग आल्टोवाल्या बायका तिथं गप्प का बसतात, मास्तर? छापलेले सूर गिळून टाकायला ते काय सरबत आहे?"

नथानिएल मकासरे तावातावानं बोलत होता. गडी हुशार, त्यात वाद नाही. फक्त चेन्नईहून संगीत शिकून नगरला परतल्यापासून त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते, एवढंच.

जुन्या इंग्रजी चालींचं पुस्तक तो तयार करत होता. बायबलातली स्तोत्रं पद्यात बांधलेली, चार आवाजांत बसवलेली; त्यात बायकांचा खालचा आवाज तो आल्टो, पुरुषांचा वरचा तो टेनर. ऑर्गन नाही, पेटी नाही, नुसते गळे. खाली आपले मराठी शब्द. जुने छाप ताडून बघायचे, चुका काढायच्या, असं त्याचं दोन वर्षं चाललं होतं. उद्या ते छापखान्यात जायचं होतं, पण शांतवन मास्तरांनी हो म्हटल्याशिवाय नाही. चर्चचा गायनवर्ग त्यांनीच उभा केलेला, आणि नथूही त्यांच्याच हाताखाली सूर धरायला शिकलेला.

मास्तर ओट्यावर बसून शेंगा सोलत होते.

"कुठल्या स्तोत्रात म्हणतोस?"

"एकशे अठ्ठाविसाव्या. 'लेकरं' या शब्दाशी. बाकीचे तिन्ही आवाज गातात आणि आल्टो... ठप्प! जुन्या छापांत बघितलं, सगळीकडे सूर आहेत तिथं. काल तालमीत चांगलं फैलावर घेतलं बायकांना."

"काय म्हणाल्या?"

"आम्हाला असंच शिकवलंय म्हणाल्या. का, ते एकीलाही सांगता येईना. मी म्हटलं, शिकवणाऱ्यालाच चाल येत नसणार."

मास्तरांचा हात थांबला.

"आल्टो करुणानं शिकवला," ते म्हणाले.

करुणाबाई म्हणजे मास्तरांची बायको. तिला जाऊन आता बरीच वर्षं झाली होती. बायकांना कुणी शिकवलं, हे नथूनं कधी विचारलंच नव्हतं. त्यानं जीभ चावली, पण बोलायचं ते बोलून बसला होता.

"मास्तर, मला खरंच..."

"राहू दे. टेनर धर तू."

मास्तर ताठ बसले आणि त्यांनी आल्टोची ओळ धरली. म्हाताऱ्याचा आवाज, पण सूर काय पक्का! दोघं गात गात त्या शब्दापाशी आले. आता हे थांबणार, असं नथूला वाटलं. मास्तर थांबले नाहीत. शब्दावरचे सूर स्वच्छ, जिथल्या तिथं लागले.

"बरोबर आलं?"

"बरोबर, मास्तर."

"तिनंच बसवून घेतलं माझ्याकडून. मी चुकायचो तिथं."

नथूला काही कळेना.

"मग बायका तिथं गप्प का?"

मास्तरांनी शेंगा बाजूला सरकवल्या.

"आमचा योहान रांगायला लागला होता. तापात गेला. पुढच्या रविवारी हेच स्तोत्र होतं. म्हटलं, तू घरी राहा. ऐकते कुठली! उभी राहिली. गायली. त्या शब्दाशी तोंड उघडलं... आवाजच नाही. पुढच्या ओळीला पुन्हा बरोबर सुरात आली."

"आणि बाकीच्या बायका?"

"पुढच्या वेळी सगळ्याच गप्प. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, देव जाणे. ती एकटीच गप्प आहे हे कुणाला ऐकू येऊ नये म्हणून. मागून आलेल्या पोरी तसंच शिकत गेल्या."

काल या बायकांना आपण काय काय बोललो, ते आठवून नथूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं घाईघाईनं पेन्सिल काढली.

"सूर काढून टाकतो. विराम छापतो तिथं."

"खबरदार!" मास्तर कडाडले. "चाल बांधणाऱ्यानं तुझं काय घोडं मारलंय? त्याचे सूर त्याला राहू देत."

"मग बाईंचं काय?"

"मूळ छापात नाही असं काही तुला सुचवायचं असलं, तर काय करतोस?"

"सुरांच्या डोक्यावर बारीक खूण छापतो. गाणाऱ्यानं हवं तर घ्यावं, नाहीतर सोडावं."

"मग तिचा विराम तसाच छाप."

नथूनं कागदावर विरामाची खूण काढली. इतकी बारीक, की त्याची त्यालाच वाकून बघावी लागली. डोळे पुसून त्यानं विचारलं,

"खाली टीप देऊ, मास्तर? बाईंचं नाव, कारण... नाहीतर कळणार कसं कुणाला?"

मास्तरांनी मान हलवली.

"जिला तो विराम लागेल, तिला दिसेल."