बांधावरच्या सुट्टीची दवंडी

पूर्वी वेत्रपूर नगरात राजा उग्रदत्त राज्य करीत असताना बोधिसत्त्व सोमिल या नावाने त्याचा अमात्य होता. सुट्टी कधी द्यायची आणि तिची दवंडी कशी पिटायची, हे तोच पाहत असे.

नदीवरचा मोठा बांध पुरा झाला. राजा म्हणाला, "येत्या पौर्णिमेला राज्यभर सुट्टी द्या. दरवर्षी द्या. बांध मी बांधला, हे लोकांच्या ध्यानात राहिले पाहिजे."

दवंडीचा मजकूर लिहिण्यापूर्वी सोमिल बांध पाहायला गेला. तिथे चापा नावाची मजूर बाई बसली होती. सुट्टीचे ऐकून ती म्हणाली, "श्रावण वद्य पंचमीला इथली माती ढासळली. बावीस माणसे गाडली गेली, त्यात माझा नवरा होता. मी एका दिवसाची सुट्टी मागितली. मुकादम म्हणाला, काम थांबवायचे नाही असा वरचा हुकूम आहे. मग मी त्याच जागी मातीच्या पाट्या ओतल्या."

तो हुकूम सोमिलचाच होता. पाणी चढत होते. काम थांबते तर नगर बुडाले असते. पण पूर ओसरल्यावरही त्याने त्या बावीस जणांची चौकशी केली नव्हती. तो तिच्यासमोर खाली बसला.

"बाई, हुकूम माझा होता."

चापा म्हणाली, "हे राजाला सांगा."

सोमिलने तिच्याकडून त्या बावीस जणांची नावे लिहून घेतली आणि भरसभेत सारे सांगितले. "महाराज, सुट्टी पंचमीला द्या. दवंडीत त्या बावीस जणांची नावे असू द्या आणि माझा हुकूमही. हातावर पोट असलेल्यांना त्या दिवशी कोठारातून धान्य द्या."

"स्वतःचा दोष गावोगाव सांगणार?"

"होय. पुढचा अमात्य असा हुकूम देताना थांबून विचार करील."

"आणि मी नाही म्हटले तर?"

सोमिलने राजमुद्रा काढून पायरीवर ठेवली. "तर दवंडी दुसऱ्याकडून लिहून घ्या. माझ्याने ती लिहवणार नाही."

राजाने पायरीवरच्या मुद्रेकडे पाहिले. शेवटी म्हणाला, "मुद्रा उचला. नावे वाचा."

पुढच्या श्रावण वद्य पंचमीला माग, नांगर, बैलगाड्या सारे थांबले. बांधावर दवंडी झाली. सतराव्या नावाला चापा खाली बसली आणि नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच रडली.

इतके सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, भिक्षूंना म्हणाले, "तो राजा आता भिक्षू आनंद म्हणून जन्मला आहे, चापा ही भिक्षुणी पटाचारा झाली आहे, आणि तो अमात्य मी होतो. आपल्या हातून झालेले न झाकता बोलणे, ही सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता होय."