ओली खळ

एकदा एका तालुक्याच्या गावी वाचनालयातील जीर्ण पुस्तके पुन्हा बांधून देणारे एक वृद्ध गृहस्थ राहत होते. सारे त्यांना आप्पा म्हणत. त्यांच्याकडे एक मुलगी बांधणी शिकत असे. बोलताना ती अडखळे. तिने ‘प’ उच्चारताच समोरचा “पाणी ना? घे!” म्हणून मोकळा होई. पुष्कळदा तिला पुस्तक हवे असे.

वाचनालयात एक कादंबरी होती, गावात सर्वाधिक वाचली गेलेली. तिची नायिकाही अशीच अडखळणारी. नायक तिचे वाक्य संपेपर्यंत थांबतो. तेवढ्यात त्याचा चहा निवतो, एसटी निघून जाते, एकदा तर स्वतःच्याच साखरपुड्याला तो उशिरा पोहोचतो. वाचक हसत, ते त्याच्या फजितीला. मुलीने ती सात वेळा वाचली होती.

मग त्या कादंबरीवर चित्रपट निघाला. मुलगी तो पाहून तडक आप्पांकडे आली.

“आप्पा, त्... त्यात तो थांबतच नाही! तिची वाक्यं तोच पुरी करतो, चु... चुकीची, आणि थिएटर हसतं. तिला हसतं! शेवटी ती घडाघडा बोलायला लागते, मगच लग्न.”

आप्पांनी सुई खाली ठेवून सगळे ऐकून घेतले.

चार दिवसांनी चित्रपटाचे निर्माते आले. त्याच संध्याकाळी गावात त्यांचा सत्कार होता. वाचनालयाच्या प्रतीवर चित्रपटाचे रंगीत पोस्टर चिकटवून ती व्यासपीठावर उंचावावी, अशी त्यांची इच्छा होती. मुलगी संतापाने आप्पांकडे पाहत राहिली. आप्पांनी मात्र निमूटपणे खळ लावली, पोस्टर बसवले आणि पुस्तक शिकंज्याच्या दोन फळ्यांमध्ये आवळले.

“खळ ओली आहे साहेब,” ते सावकाश म्हणाले, “तेव्हा पुस्तक उद्या...”

“उद्या परत हवं ना? सकाळी पाठवतो!” निर्मात्यांनी स्वतःच शिकंजा सैल केला आणि पुस्तक काखेत मारून ते गाडीत बसले.

“तु... तुम्ही दिलंत कसं?” मुलीचे डोळे भरून आले.

“चल, सत्काराला जाऊ,” आप्पा म्हणाले.

व्यासपीठावर निर्मात्यांनी पुस्तक उंचावले. पोस्टर घसरले आणि नायक-नायिकेसह त्यांच्या सत्काराच्या शालीला चिकटले. हातात उरले वाचनालयाचे जुने निळे कापड. सभागृह खदखदून हसले.

“कसलं काम हे, आप्पा?” निर्माते माईकवरून गरजले.

आप्पा उभे राहिले. “उद्या दुपारपर्यंत शिकंज्यात राहू द्या, असं म्हणत होतो. वाक्य तुम्ही पुरं केलंत. दुसऱ्याचं वाक्य आपण संपवलं की ते त्याचं राहत नाही. कादंबरीचंही तुम्ही हेच केलंत. आता ही काय म्हणते ते ऐका.”

मुलगी उठली. “त्... त्या...”

“त्या हिरोचा...” निर्माते सवयीने बोलू लागले. आप्पांनी हात वर केला. सभागृहात केवळ पंख्यांचा आवाज उरला. बराच वेळ गेला.

“त्याला तिचं बो... बोलणं आवडत होतं,” ती म्हणाली. “ते सुधारायची तो वाट पाहत नव्हता. तुम्ही तेच काढून टाकलंत.”

कुणी हसले नाही. निर्मात्यांनी माईक खाली ठेवला.

परतताना दोघे टपरीवर बसले. चहा आला.

“आप्पा, रा... राग अजून...”

आप्पांनी कप उचललाच नाही. वाफ विरली, चहावर साय धरली.

“...गेला नाही.”

“नकोच जायला,” आप्पा म्हणाले, आणि गार चहा शांतपणे पिऊन टाकला.