शब्दावर सोडलेली भाकरी

पूर्वी तगर नगरात सुयाम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने रंगाऱ्यांच्या कुळात जन्म घेतला, आणि वयात आल्यावर तो सिरिगुप्त श्रेष्ठीच्या निळीच्या कारखान्याचा कारभारी झाला.

तिथे उत्पला नावाची विधवा कामाला होती. कुंडातली नीळ कापड बुडवण्याजोगी झाली की नाही, हे ती जिभेच्या टोकावर थेंब ठेवून सांगायची, आणि तिचे सांगणे कधी चुकले नाही. मजुरी मात्र रोज दोन मापे तांदूळ. एवढ्यात काय भागणार हो! आंधळ्या सासूला तिने नाइलाजाने नणंदेकडे ठेवले होते. तिथे म्हातारीला टोमणे पोटभर मिळत, भाकरी मिळेच असे नाही.

प्रतिष्ठानच्या एका व्यापाऱ्याने उत्पलेला तीन मापांवर बोलावले. सिरिगुप्त लगबगीने तिच्यापाशी आला. तो म्हणाला, "बाई, जाऊ नकोस. येत्या पौर्णिमेपासून मीही तीन देईन." शब्द पक्का करायला रंगाऱ्यांच्या रीतीप्रमाणे दोघांनी निळीच्या एकाच कुंडात करंगळी बुडवली. साक्षीला कारभारी होता. उत्पलेने प्रतिष्ठानला नकार कळवला आणि सासूला घरी आणले.

पौर्णिमा आली, पण मापे दोनच. मधल्या काळात श्रेष्ठीचे कापडाने भरलेले गलबत बुडाले होते. करंगळीवरचा डाग गेला की शब्दही सुटतो, अशी एक खुळी समजूत त्या लोकांत होती. म्हणून श्रेष्ठीने चिंचेच्या कोळाने करंगळी घासघासून पांढरी केली.

"धनी, तुमच्या भरवशावर मी म्हातारीला आणलं," उत्पला म्हणाली. "आता तिला कुठल्या तोंडानं परत धाडू?"

"विचार करीन, एवढंच म्हणालो होतो मी," तो तिच्याकडे न बघता म्हणाला.

ती रडत बसली नाही, सरळ रंगाऱ्यांच्या पंचांकडे गेली. पंचांनी कारभाऱ्याला साक्षीला बोलावले. त्याआधी श्रेष्ठीने त्याला गाठले. "'मी नीट ऐकलं नाही,' एवढंच म्हण. कारखान्यात चौथा हिस्सा तुझा."

बोधिसत्त्व म्हणाला, "धनी, तुमचं नुकसान खरं आहे, मला वाईटही वाटतं. अडचण सांगा, मुदत मागा. पण 'बोललोच नाही' म्हणू नका. गलबत तुमचं बुडालं, म्हणून चूल तिची विझावी का?"

"मग उद्यापासून कामावर येऊ नकोस!"

"बरं," बोधिसत्त्व म्हणाला. पंचांपुढे तो जे घडले तेच बोलला.

पंच म्हणाले, "श्रेष्ठी, तुमच्या शब्दावर तिनं हातातली भाकरी सोडली. तो शब्द आता मागे घेता येणार नाही."

सिरिगुप्ताने मान खाली घातली. तो म्हणाला, "भ्यालो हो मी. बाई, दोन महिने थांबशील का?"

"थांबते की," उत्पला म्हणाली. "तेव्हाच असं म्हणाला असतात, तर मी कशाला इथवर आले असते?"

श्रेष्ठीला रडू कोसळले. उठताना तो कारभाऱ्याला म्हणाला, "उद्या लवकर ये."

एवढी गोष्ट सांगून शास्ते, म्हणजे बुद्ध, समोर बसलेल्या एका गृहस्थ उपासकाला म्हणाले, "त्या जन्मीचा श्रेष्ठी तू. उत्पला म्हणजे वाढीव मजुरी कबूल करून ती न देताच तू जिला काल परत पाठवलेस, ती मागे उभी असलेली बाई. कारभारी मी होतो. स्वतःचे पोट पणाला लावून खरे बोलणे, हीच सत्यपारमिता."

उपासक उठला आणि त्या बाईपाशी जाऊन हात जोडून उभा राहिला.