वरच्या तीन पायऱ्या

“नव्या पायऱ्या सोडून चिखलातून का आलात, पाद्रे?”

बेर्नाबेचा आवाज चढला होता. वाल्देसेका हे स्पेनमधलं एवढंसं गाव, आणि बेर्नाबे म्हणजे त्या गावाचा चालताबोलता इतिहास. निदान तो स्वतः तरी तसं सांगायचा. चर्चच्या ढासळलेल्या पायऱ्या त्यानंच नव्यानं रचल्या होत्या, आणि तेही गावच्याच पुरातन दगडांनी. उद्या गाव त्याचा सत्कार करणार होतं. आणि ज्यांच्या पायाशी बसून तो सगळं शिकला, ते म्हातारे पाद्रे इल्देफोन्सो चिखल तुडवत बाजूच्या दारानं आत आले होते!

“लोक काय म्हणतील?”

पाद्रे बाकावर टेकले. “हातातली फुलं कुणाला?”

“आईला. आज मृतांचा दिवस ना. सकाळीच थडगं धुऊन आलो.”

“सापडतं बरोबर?”

“म्हणजे काय! दगडावर नाव आहे तिचं.”

“हं... आणि पायऱ्यांचे दगड कुठले?”

“खालचे रोमन काळातले. मधले किल्ल्याचे.” बेर्नाबे खुलला. “वरचे तीन...” तो अडखळला. “गिरणीमागच्या उतारावरचे. नुसते पडले होते.”

“मी पोरगा होतो, तेव्हा उभे होते.”



“यहुद्यांच्या थडग्यांचे,” बेर्नाबे पुटपुटला. “पण त्यांना इथून हाकलून पाचशे वर्षं झाली, पाद्रे. विचारायचं तरी कुणाला?”



बाहेर कुणीतरी पायऱ्या चढत होतं. पावलं वर आली, तशी पाद्र्यांनी डोक्यावरची टोपी काढली. प्रेतयात्रा जाताना ते काढायचे, तशी.

बेर्नाबेचे कान तापले. मान वर होईना. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. हातातली फुलं कुठे ठेवावीत, तेही सुचेना.

“सत्कार नको मला,” तो म्हणाला. “आजच उपसतो. परत नेऊन उभे करतो. पण आईशपथ, पाद्रे, कोणता दगड कुणाचा ते मला ठाऊक नव्हतं. त्यांवरची अक्षरं मला वाचताच येत नाहीत हो!”

पाद्रे काठीच्या आधारानं उठले.

“वाचता येत नव्हती...” ते म्हणाले. “मग कोरलेली बाजू खाली का घातलीस, बाळा?”